समासातली सिंधु

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुड, ता. ८ ऑक्टोबर २०२३

ती. अक्कास,
धाकट्या गुरुबसप्पाचे शिरसाष्टांग शरणार्थ वि. वि.

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की घरी सगळे बरे आहेत. पोरीचा पुण्याहून रोज फोन येतो. तुला फोनवर ऐकू येत नाही, हे पत्राचं एक कारण. दुसरं असं की घरातला फोन सिंधुच्याही हातात असतो आणि मला जे लिहायचंय ते तिच्याबद्दलच आहे. तेव्हा उत्तर घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर धाड. मोटार-पाइपच्या बिलांत तुझं पत्र कोणाला दिसणार नाही.

नांदेडच्या त्या रहस्यकथावाल्या मंडळात सिंधुला तूच घातलंस. मला वाटलं होतं, बायका वाचतात, चार घटका करमणूक होते, आपलं काय जातं. पण ह्या खेपेला तुमची ती फिरती प्रत घरी आली तेव्हा मी ती उघडून बघितली. सिंधु शेजारी गेली होती, जेवायला अवकाश होता, पुस्तक बाजेवर पडलं होतं. मला वाटलं कथा वाचावी. कथा राहिली बाजूला. पानाच्या कडेच्या समासात तुम्ही लोकांनी जे लिहून ठेवलंय तेच वाचत बसलो. ज्याची त्याची शाई वेगळी. सिंधुची जांभळी मी ओळखली.

चौदाव्या पानावर कोणी रविकिरण नावाच्या गृहस्थानं हिरव्या शाईनं लिहिलंय की डॉक्टर चहा न पिता उठला, आणि चहा नाकारणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. त्याच्याखाली आमच्या सिंधुचं उत्तर. आमच्या घरी एक आहेत, ते दुकानात चहा पिऊन येतात आणि घरी नको म्हणतात, ते खुनी नाहीत, फक्त बोलायला कंजूष आहेत.

अक्का, हे तिनं माझ्याबद्दल एका परक्या माणसाला लिहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तर ती कधी असं काही म्हणाली नाही. हा रविकिरण कोण, काय करतो, वय काय, एवढं कळव. दाजींना शरणार्थ. तुझी माया आहेच, ती ह्या बाबतीत जरा माझ्या बाजूला झुकू दे.

तुझा,
गुरुबसप्पा

—

कंधार, ता. १७ ऑक्टोबर २०२३

चि. गुरुबसप्पा यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींनी आधी उघडलं आणि हसत हसत माझ्या हातात दिलं, तेव्हा गुपित वगैरे काही राहिलं नाही.

रविकिरण नांदेडला असतो, सरकारी कचेरीत आहे. मंडळाच्या प्रती कुठून कुठं जायच्या ते तोच बघतो. ह्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, कारण तुला जास्त हवंय ते कशासाठी ते मला कळतं. सिंधुनं तुझ्या चहाबद्दल लिहिलं, तर त्यात खोटं काय आहे ते मला सांग. तू लहानपणीही असाच होतास. आई विचारायची की शाळेत काय झालं, आणि तू म्हणायचास, काही न्हाई.

तुला मंडळाची रीत माहीत नसेल म्हणून लिहिते. अंबुजाबाई नावाची कोर्टातली निवृत्त टंकलेखिका आहे आणि ती खुनांचा छडा लावते, अशी ती कादंबऱ्यांची माळ आहे. नवी कादंबरी विक्रीला येण्याआधी प्रकाशक एक प्रत मंडळाला देतो. ती घरोघर दोनदा फिरते, आणि शेवटचं प्रकरण पिना मारून बंद केलेलं असतं. जानेवारीत नांदेडच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर त्या पिना निघतात आणि शेवट मोठ्यानं वाचला जातो. तोवर ज्यानं त्यानं समासात आपला संशय लिहायचा आणि दुसऱ्याच्या संशयावर भांडायचं. आमची मजा ती एवढीच. नवऱ्याबायकोच्या भांडणापेक्षा स्वच्छ असते.

सिंधुच्या ओळी वाचून लोक फार हसतात. माझ्या निळ्या ओळींवर कोणी काही लिहीत नाही, म्हणून तुझ्याआधी मीच तिच्यावर थोडी जळून घेतलंय. तेव्हा रांगेत उभा राहा.

उडीद झाला, हरभऱ्याची तयारी चालू आहे. तब्येत सांभाळ, आणि घरी चहा पीत जा.

तुझी,
अक्का

—

मुरुड, ता. ११ डिसेंबर २०२३

ती. अक्कास,
गुरुबसप्पाचे शरणार्थ, मन ठिकाणावर नसताना लिहिलेले.

प्रत दुसऱ्यांदा घरी आली आहे. सिंधु रोज दुपारी खिडकीत बसून वाचते आणि पदर तोंडाला लावून हसते. मी पेपर धरून समोर असतो. ती काय वाचून हसून राहिली ते मला विचारवत नाही आणि तिला सांगवत नाही.

मग ती बाजाराला गेली की मी बघतो. त्या चहाच्या ओळीखाली रविकिरणनं आता लिहिलंय की जांभळ्या शाईच्या बाई, अशा माणसांवर जास्त लक्ष ठेवा. म्हणजे माझ्यावर. आणि हिनं त्याच्याखाली लिहिलंय की ठेवलंय, पण ते स्वतःच स्वतःला सापडत नाहीत. अक्का, हे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन हिंडलो. गिऱ्हाईक अडीच इंची पाइप मागत होतं, मी त्याला दोनचा दिला.

पुढं त्यांचं दोघांचं एकमत झालंय. दोघांचाही संशय डॉक्टरवर. तो लिहितो की सगळं मंडळ मुनीमाच्या मागं लागलंय, आपण दोघंच शहाणे. आपण दोघंच. हे शब्द मी काही बनवून लिहीत नाही, एकशे एकतिसाव्या पानावर बघ. तुझ्याकडं प्रत येईलच.

दुकानात मी हिरव्या पेनानं लिहिणं बंद केलंय. दयानंद दुकानातला माणूस, त्यानं कारण विचारलं, त्याच्यावर खेकसलो.

तुला एक मागतो. ह्या वर्षी सिंधुला मेळाव्याला बोलावू नकोस. तुझ्या गुडघ्याचं निमित्त कर, गाडी मिळत नाही म्हण, काहीही म्हण. ती तुझं ऐकते. तिनं साडी काढून ठेवली आहे, जांभळी. शाईच्या रंगाची.

हे पत्र दाजींच्या हाती जाऊ देऊ नकोस. तुझ्या धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

गुरुबसप्पा

—

कंधार, ता. १७ जानेवारी २०२४

चि. सौ. सिंधु हिस,
वन्सांचे भरभरून आशीर्वाद, आणि एक तक्रार.

मी नांदेडला पोचले तेव्हा दाराशी मंडळातली ती आरती नावाची मुलगी भेटली, आणि तिच्याकडून कळलं की तू येत नाहीस म्हणून फोन केलास, कारण सांगितलं नाहीस. तुझ्या नवऱ्यानं मला डिसेंबरात एक पत्र लिहिलं होतं. त्यात काय होतं ते सांगत नाही, पण त्यानं मागितलं ते मी केलेलं नाही, एवढं तुला माहीत असावं.

मंगल कार्यालय भरलं होतं. उदगीर, देगलूर, परभणी, हैदराबादेहूनसुद्धा माणसं होती. काठाची पांढरी साडी आणि खांद्याला टंकयंत्र झाकायच्या कापडाची पिशवी अशा सात-आठ अंबुजाबाई हिंडत होत्या, त्यातली एक मिशावाली होती, देगलूरच्या कॉलेजातली. जुन्या मासिकांच्या ढिगापाशी दोन म्हातारे एकाच दिवाळी अंकाला दोन्हीकडून धरून होते. दुपारच्या जेवणाला नेहमीसारख्या संशयितांच्या पंगती बसल्या. मुनीमाची पंगत हॉलच्या टोकापर्यंत गेली. डॉक्टरच्या पंगतीत रविकिरण आणि इतर दोघं-तिघं, आणि तुझ्यासाठी एक वाढलेलं ताट. ते तसंच उचललं गेलं.

नंतर रविकिरणनं समास वाचून दाखवले. मला लांबचं ऐकू येत नाही, पण लोकांची तोंडं दिसतात. तुझ्या ओळी आल्या की माणसं हसताना मागं रेलत होती. माझी एक ओळ वाचली म्हणे. तेव्हा लोक पाणी पीत होते.

आता जे लिहायला बसले ते. शेवटच्या प्रकरणाच्या पिना काढताना दिसलं की पानांना भोकं दुप्पट आहेत. कोणीतरी पिना काढून, वाचून, पुन्हा मारल्या होत्या. आमच्या मंडळात आजवर असं झालेलं नाही. शेवट वाचला, पण वाचनात राम राहिला नाही. नंतर कोपऱ्याकोपऱ्यात बोलणं सुरू झालं. प्रत शेवटी तुझ्याकडून माझ्याकडं आणि माझ्याकडून नांदेडला गेली. मी समोर बसलेली होते. तू नव्हतीस. पुढच्या वर्षी मुरुडचा पत्ता गाळावा असं एक-दोघांचं म्हणणं पडलंय.

मला खरं काय ते लिही. मी शेवट इथं लिहीत नाही, तुला अजून माहीत नसेल. प्रेम आहे तसंच आहे, पण उत्तर लवकर यावं.

तुझी,
वन्सं

—

मुरुड, ता. २४ जानेवारी २०२४

ती. वन्संना,
सिंधुचा वाकून नमस्कार वि. वि.

शेवट मला मेळाव्याच्या आधीच माहीत होता. खून आत्याबाईंनी केला. मी पिनांना हात लावलेला नाही.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. यांनी वरणात भाकरी कुस्करली आणि मान वर न करता सांगितलं की खून आत्याबाईनं केलाय, डॉक्टरनं नाही, आता नांदेडला जाऊन काय करणार. मला आधी कळलंच नाही ते कोणाबद्दल बोलून राहिले. मग कळलं. प्रत आमच्याकडं होती तेव्हाच यांनी दुकानातून चिमटा आणून पिना काढल्या होत्या आणि परत मारल्या होत्या. ती तुमच्याकडं गेल्यावरही महिनाभर हे शेवट मनात धरून माझ्यासमोर बसत होते.

मी उठले. ताट धुतलं, पिशवीतली साडी काढून कपाटात ठेवली. ज्याला शेवट माहीत आहे त्यानं सभागृहात बसायचं नाही, ही आपली रीत. चेहऱ्यावरून शेवट फुटतो. कारण सांगितलं असतं तर घरची अब्रू गेली असती. म्हणून फोन करून येत नाही एवढंच सांगितलं. आता दिसतंय की तरी गेलीच, आणि माझ्या नावानं गेली.

दुसऱ्या दिवशी हे लातूरला जाऊन साडी घेऊन आले. ती पिशवीतच आहे. घरात बोलणं होतं ते दूध, वीज आणि पोरीचा फोन एवढ्यावर.

वन्सं, तुमच्याशी खोटं कशाला लिहू. रविकिरणना मी एकदाच पाहिलंय आणि त्यांचा चेहराही धड आठवत नाही. पण पार्सल फोडलं की मी आधी हिरव्या ओळी शोधते, हे खरं आहे. मी काहीतरी लिहिते आणि कोणीतरी त्याला उत्तर देतं, याची मला चटक लागली. यांना जळायचं होतं तर जळू द्यायचं होतं, मी समजून घेतलं असतं. मला विचारलं असतं की एवढं काय हसतेस, तर मी पुस्तक उलटं करून यांच्याच हातात दिलं असतं. यांनी ते चोरून वाचलं आणि मग माझं वर्षभराचं वाट बघणं एका घासात संपवलं. मला राग त्याचा आहे.

मंडळाला खरं कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचे ते भाऊ आहेत. तुमचा हात माझ्या डोक्यावर राहू द्या.

आपली,
सिंधु

—

कंधार, ता. ३० जानेवारी २०२४

गुरुबसप्पा,

आज आशीर्वाद मागाहून.

सिंधुचं पत्र आलं. तू जे केलंस ते मला आधी खरं वाटलं नाही. डिसेंबरात तू मला पत्र लिहीत होतास तेव्हा तुझ्या खिशात तो शेवट होता की नाही, हे मी विचारत नाही. माझ्या हातातून प्रत गेली आणि भोकं मला दिसली नाहीत, तेही मला लागलंय.

तुला जळायला कारण नाही असं मी म्हणणार नाही. कारण आहे. ती त्याच्याशी बोलते आणि तुझ्याशी बोलत नाही. पण तू तिचं बोलणं मागितलं नाहीस, तू तिचं ऐकणारं माणूस तोडायला निघालास. आणि तुझ्या कल्पनेत कोणी देखणा पुरुष असेल तर सांगते, पोट सुटलेलं आहे, केस गेलेले आहेत, बायको शेजारी बसलेली होती आणि तीही वाचते, तपकिरी शाई. ह्यानं तुझी जळजळ थांबेल असं मला वाटत नाही, कारण ती त्याच्या केसांबद्दल कधी नव्हतीच.

आता एक काम कर. मंडळ सिंधुला काढायला निघालंय. मी लिहू शकते, पण मी लिहिलं तर नणंदेनं भावजयीची बाजू घेतली असं होईल. तू लिही. प्रतींचं काम रविकिरणच बघतो, म्हणून त्यालाच लिही. पत्ता खाली दिला आहे. नाही लिहिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

आशीर्वाद देते. तो कमाव.

अक्का

—

मुरुड, ता. ५ फेब्रुवारी २०२४

श्री. रविकिरण यांस,
गुरुबसप्पा, मुरुडकर, याचा नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. मला आपलं हस्ताक्षर ओळखीचं आहे.

मंडळाच्या प्रतीच्या पिना मी काढल्या आणि मीच मारल्या. माझी पत्नी सौ. सिंधु हिला त्याची खबर नव्हती. तिला शेवट मी सांगितला, तिनं विचारलेला नव्हता. त्यानंतर ती आपल्या मंडळाच्या रीतीप्रमाणे मेळाव्याला आली नाही. कंधारच्या माझ्या बहिणीचाही यात काही संबंध नाही. तेव्हा नाव गाळायचं तर माझं गाळावं, पण मी यादीत नाहीच. सिंधुचं गाळू नये.

मी असं का केलं हे आपण विचाराल. विचारलं नसतं तर लिहिलं नसतं, पण आपण विचाराल असं धरून लिहितो. कारण आपण आहात. तिनं एकशे एकतीस पानांवर आपल्याला जेवढं लिहिलंय तेवढं ती माझ्याशी वर्षात बोललेली नाही. यात आपला दोष नाही हे मला समजतं. समजूनही मला आपला राग आहे, तो मी कमी करून लिहू शकत नाही.

चहाबद्दल आपण आणि तिनं जे लिहिलं ते मी वाचलं. आता मी घरी चहा घेतो. ती ठेवते आणि आत जाते.

आपलं जे उत्तर असेल ते दुकानावर नको. घरच्या पत्त्यावर सिंधुच्या नावानं पाठवावं. तिनं आधी वाचावं.

आपल्या लोभाची अपेक्षा नाही. राग मात्र माझ्यापुरताच ठेवावा ही विनंती.

आपला,
गुरुबसप्पा

—

मुरुड, ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
गुरुबसप्पाचे शिरसाष्टांग शरणार्थ, ह्या वेळी जरा हलक्या हातानं.

फेब्रुवारीत नांदेडहून आलेल्या उत्तराबद्दल तू तेव्हा विचारलं होतंस आणि मी टाळलं होतं. आता सांगतो. ते सिंधुच्या नावानं आलं. तिनं वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवून दिलं. चार ओळी होत्या. सिंधुताई मंडळात आहेत आणि राहतील, घरातल्या गृहस्थांनी मात्र प्रतीला हात लावायचा नाही. खाली लिहिलं होतं की राग पोचला, जपून ठेवला आहे. त्याची ही बोलायची तऱ्हा मला अजून सोसत नाही.

नवी कादंबरी आली आहे, तुला माहीत आहेच. पहिल्या फेरीला मी त्या खोलीत बसलोच नाही. दुसऱ्या फेरीला परवा दुपारी सिंधु कोणी आलं म्हणून उठून गेली आणि पुस्तक टेबलावर उघडं राहिलं. मी पाणी प्यायला उठलो होतो. लांबूनच हिरवं दिसलं, आणि त्याखाली जांभळं, बरंच मोठं. अक्का, मी तिथं उभा राहिलो. एक पाऊल पुढं गेलो असतो तर सगळं वाचता आलं असतं. मी पेपर घेतला आणि त्या पानावर पसरून टाकला. हात लावायचा नाही म्हटलं होतं, तो लावला नाही.

ती परत आली, पेपर बघितला, मग माझ्याकडं बघितलं. वाचलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. ती बराच वेळ माझा चेहरा बघत राहिली. मग मी तिला विचारलं की एवढं काय लिहिलंय त्यानं. हे विचारायला मला किती जड गेलं ते तुला सांगून कळणार नाही.

ती बसली. पेपर बाजूला केला आणि पहिल्या पानापासून मला गोष्ट सांगायला लागली. कापसाच्या जिनिंगच्या मालकाचं प्रेत कुठं सापडलं, अंबुजाबाई कोणाला काय म्हणाली, समासात कोण कोणाशी भांडलं, हिरवं सुद्धा वाचून दाखवलं. त्याचं एक-दोन ठिकाणी बरं होतं, हे मी फक्त तुला लिहितो. दयानंद दुकान उघडायला बोलवायला आला, त्याला मी परत पाठवला. शेवटी पिनांपाशी येऊन ती थांबली आणि तिनं मला विचारलं की तुमचा संशय कोणावर आहे.

मी म्हणालो, माझा संशय पहिल्यापासून रविकिरणवर आहे.

ती हसली. पदर नाही, काही नाही, समोर बसून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघितलं, आणि ते माझ्या बोलण्यावर होतं. मग तिनं जांभळं पेन काढलं आणि मी बोललो ते शब्दाला शब्द समासात लिहून टाकलं. खाली माझं नाव घातलं.

आता अडचण अशी आहे की प्रत आज तुझ्याकडं निघाली आहे आणि तुझ्याकडून ती त्याच्याकडं जाणार. तो ते वाचणार, जानेवारीत सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणणार. सिंधु मला मेळाव्याला चल म्हणून राहिली. मला अजूनही त्या माणसाच्या तोंडाकडं बघवणार नाही. तेव्हा तेवढी एक ओळ तू खोडून टाक. निळ्यानं गिरगटून टाक, सिंधुला वाटेल प्रवासात शाई सांडली. एवढं कर, लोभात कमी करू नकोस.

तुझा,
गुरुबसप्पा

—

कंधार, ता. ५ डिसेंबर २०२४

चि. गुरुबसप्पा यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

प्रत पोचली. दाजींना सर्दी आहे, बाकी ठीक. मेळाव्याची तारीख ठरली की कळवते. तू आणि सिंधु आदल्या दिवशी कंधारलाच या, इथून एकाच गाडीनं जाऊ.

तुझी ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली निळ्या शाईनं 'माझाही' एवढंच लिहिलं, आणि आज सकाळच्या गाडीनं प्रत नांदेडला पाठवून दिली.

तुझी,
अक्का